गूगल अ‍ॅड्स, मेटा, जीए४ आणि ऑर्डरवही: चार ठिकाणी चार आकडे, ताळा कसा लावायचा?

खटपट्या

ऑनलाइन दुकानाच्या जाहिराती गूगल अ‍ॅड्स आणि मेटा (फेसबुक-इन्स्टाग्राम) अशा दोन्हीकडे चालू आहेत. जीटीएम, म्हणजे मोजणीचे छोटे कोड (टॅग) साइटवर बसवणारं गूगलचं साधन, त्यातून जीए४ (साइटच्या भेटी आणि विक्री मोजणारं गूगल अ‍ॅनालिटिक्स ४), गूगल अ‍ॅड्सचा कन्व्हर्जन (जाहिरातीतून झालेली खरेदी) मोजणारा टॅग आणि मेटाचा तसाच टॅग, म्हणजे पिक्सेल, लावलेत. शिवाय दुकानाच्या सॉफ्टवेअरमधलं मेटाचं प्लगइन (जोड-प्रोग्राम) सर्व्हरकडून मेटाच्या कन्व्हर्जन्स एपीआयला, म्हणजे ब्राउझर टाळून नोंदी घेणाऱ्या दाराला, इव्हेंट (खरेदीसारख्या घटनेची नोंद) पाठवतं. एका पूर्ण महिन्याचे आकडे असे:

गूगल अ‍ॅड्स: क्लिक २,१४०, कन्व्हर्जन ६४.
मेटा: लिंक क्लिक ३,९०५, खरेदी ७१.
जीए४: गूगलच्या जाहिरातींतून सेशन (साइटवरच्या भेटी) १,८७०, मेटाच्या जाहिरातींतून २,२१०. सगळे स्रोत मिळून खरेदी १३९.
डेटाबेसमध्ये पैसे जमा झालेल्या ऑर्डरी: ११२.

गूगल आणि मेटाची बेरीजच १३५ होते. म्हणजे ईमेलमधून किंवा थेट येणाऱ्या कोणी काही घेतलंच नाही, वर २३ ऑर्डरी हवेतून पडल्या! यातला कुठला आकडा धरायचा, किती फरक चालतो आणि तपासायला सुरुवात कुठून करायची?

आकडेमोड

बेरीज करणं आधी बंद करा. गूगल आणि मेटाची बेरीज खऱ्या ऑर्डरींपेक्षा जास्त येते, तेव्हा दरवेळी बिघाडच असतो असं नाही. एक गिऱ्हाईक सोमवारी मेटावरची जाहिरात दाबतं, गुरुवारी गूगलवर दुकानाचं नाव शोधतं, तिथली जाहिरात दाबून येतं आणि खरेदी करतं. मेटाची मूळ सेटिंग क्लिकनंतर ७ दिवस आणि नुसती जाहिरात दिसल्यावर १ दिवस अशी असते. गूगलची क्लिकनंतर ३० दिवस, ती १ ते ९० पर्यंत बदलता येते. ऑर्डर एकच, पण दोघंही ती आपल्या नावावर लावणार, कारण एकाला दुसऱ्याचा क्लिक दिसतच नाही.

जीए४ चे १३९ मात्र अशक्य आहेत. तिथे वाद असतो तो श्रेय कोणाला द्यायचं याचा. एकूण खरेद्या ऑर्डरींपेक्षा जास्त दिसायचं काही कारण नाही. म्हणून पहिला हात तिथेच घाला.

जीए४ च्या एक्सप्लोरमध्ये फ्री फॉर्म हा अहवाल उघडा. ओळींत ट्रान्झॅक्शन आयडी (टॅगने पाठवलेला ऑर्डर क्रमांक), आकड्यांत ई-कॉमर्स परचेसेस. यादी उतरवून घ्या आणि डेटाबेसच्या ऑर्डर क्रमांकांशेजारी ठेवा. त्यात तीनपैकी काहीतरी सापडतंच. एक, आयडी 'नॉट सेट', म्हणजे टॅगला ऑर्डर क्रमांक मिळत नाही. मग थँक्यू पान (खरेदीनंतर उघडणारं) रिफ्रेश केलं की नवी खरेदी, ईमेलमधल्या लिंकवरून परत उघडलं की आणखी एक. दोन, एकच ऑर्डर दोन वेषांत, '१०४५७' आणि '#१०४५७'. एक आयडी दुकानाच्या सॉफ्टवेअरमधलं एखादं प्लगइन पाठवतं आणि दुसरा जीटीएम. जीए४ सारख्या आयडीच्या खरेद्या गाळतं, पण त्याच्या लेखी हे दोन वेगळे आयडी आहेत. तीन, डेटाबेसमध्ये नसलेले किंवा पैसे न भरलेले क्रमांक. तेव्हा टॅग थँक्यू पानावर नसून 'ऑर्डर द्या' या बटणावर बसलेला असतो.

जाता जाता, आयडी मिळत नसेल तर त्या जागी रिकामी स्ट्रिंग पाठवू नका. रिकाम्या आयडीच्या सगळ्या खरेद्या जीए४ एकमेकींच्या नकला समजून गाळतं आणि आकडा एकदम कोसळतो. हे जास्त वाईट, कारण कमी आकड्यावर कोणी संशय घेत नाही, सगळे जाहिरातीलाच दोष देतात.

गूगल अ‍ॅड्समध्ये गोल्सखाली कन्व्हर्जन अ‍ॅक्शनची यादी पाहा. खरेदीच्या किती अ‍ॅक्शन 'प्रायमरी' आहेत? थेट टॅगची एक आणि जीए४ मधून आयात केलेली दुसरी, दोन्ही प्रायमरी असतील तर एक विक्री दोनदा मोजली जाते. ऑर्डर क्रमांक पाठवत असलात तरी गाळणी एकाच अ‍ॅक्शनपुरती चालते, दोन अ‍ॅक्शनांमध्ये नाही. थेट टॅग प्रायमरी ठेवा, आयात केलेली सेकंडरी करा. ती दिसत राहील, पण बोली लावताना धरली जाणार नाही.

वाटसरू३०२

विक्रीचं वरच्या प्रतिसादात आलंय, मी क्लिकबद्दल लिहितो.

क्लिक आणि सेशन या वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच माणसाने ३० मिनिटांच्या आत दोनदा जाहिरात दाबली तर क्लिक दोन, सेशन एक. पान उघडायच्या आत तो मागे फिरला तर क्लिक एक, सेशन शून्य. गूगलचे २,१४० क्लिक आणि १,८७० सेशन यांत साधारण १३ टक्क्यांची गळती आहे, ती मला चिंतेची वाटत नाही. मेटाची ४३ टक्क्यांची आहे, ती मात्र खणून काढली पाहिजे.

मेटाच्या अहवालात 'लिंक क्लिक' शेजारी 'लँडिंग पेज व्ह्यू' हा रकाना जोडा. हा दुसरा आकडा पान उघडून पिक्सेल चालल्यावरच वाढतो. तो २,३०० च्या आसपास निघाला तर माणसं वाटेतच गळताहेत: पान जड, किंवा अ‍ॅपमधल्या ब्राउझरात चुकून बोट लागलेलं. तो ३,५०० निघाला तर माणसं पोचली, पण जीए४ त्यांना मेटाच्या खात्यात लावत नाही. मग यूटीएम, म्हणजे भेट कुठून आली ते सांगणारे लिंकच्या शेपटीतले शब्द, तपासा. काही जाहिरातींना यूटीएम नसेल तर ते लोक 'ऑरगॅनिक सोशल'मध्ये (विनाजाहिरात आलेल्यांत) किंवा थेट येणाऱ्यांत जातात. यूटीएम असूनही त्यातल्या मीडियमला (जाहिरातीच्या प्रकाराला) मनाला येईल तो शब्द दिला असेल तर तेही तिथेच किंवा 'अनअसाइन्ड'मध्ये पडतात. मीडियममध्ये 'सीपीसी', 'पीपीसी' किंवा 'पेड'ने सुरू होणारा शब्द ठेवा. आणि सगळं स्मॉल लिपीत, कारण 'फेसबुक'चा एफ कॅपिटल आणि स्मॉल असे दोन स्रोत जीए४ वेगळे धरतं. 'क्लिक्स ऑल'कडे बघूच नका, त्यात लाइकपासून 'आणखी वाचा'पर्यंत सगळं येतं.

दुसरी गळती रीडायरेक्टची, म्हणजे सर्व्हर एका पत्त्यावरून दुसऱ्यावर पाठवतो तिथली. जाहिरातीत दिलेला पत्ता जसाच्या तसा घ्या, शेवटी जीक्लिड (गूगलचा क्लिक आयडी) हे पॅरामीटर जोडून त्याला 'टेस्ट१२३' अशी काहीतरी किंमत द्या आणि टर्मिनलमध्ये कर्ल ही आज्ञा चालवा, आय आणि एल हे दोन्ही पर्याय कॅपिटल. प्रत्येक उडीची 'लोकेशन' ओळ दिसेल. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर, तिथून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर, मग शेवटच्या तिरक्या रेघेसाठी आणखी एक, अशा उड्या असतात. ज्या ओळीत 'टेस्ट१२३' गायब होतं तो सर्व्हरचा नियम दोषी. पत्ता अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर अँडच्या चिन्हापाशी शेल आज्ञा तोडतो, पुढचे पॅरामीटर जातच नाहीत आणि खापर बिचाऱ्या सर्व्हरवर फुटतं. सगळ्यात सरळ उपाय म्हणजे जाहिरातीत थेट शेवटचा पत्ताच देणं.

पॅरामीटर शेवटपर्यंत टिकत असेल तर ब्राउझरच्या कुकींत (साइटने ब्राउझरात साठवलेल्या टिपणांत) '_जीसीएल_एडब्ल्यू' दिसते का पाहा. नसेल तर जीटीएममध्ये क्लिकचा आयडी कुकीत साठवणारा कन्व्हर्जन लिंकर टॅग नाही किंवा तो सगळ्या पानांवर चालत नाही. फक्त थँक्यू पानावर लावलेला लिंकर काही कामाचा नाही, क्लिकचा आयडी येतो तो उतरायच्या पानावर.

पिक्सेलपुराण

मेटाचे ७१ फोडून बघितल्याशिवाय त्यावर बोलण्यात अर्थ नाही. अहवालाच्या रकान्यांत 'कंपेअर अ‍ॅट्रिब्यूशन सेटिंग्ज' आहे. त्यात ७ दिवस क्लिक आणि १ दिवस व्ह्यू वेगळे मागवा. व्ह्यूचा हिस्सा मोठा असेल आणि रिटार्गेटिंग (आधी येऊन गेलेल्यांना पुन्हा जाहिरात) चालू असेल, तर त्यातले बरेचजण एरवीही घेणारच होते असं धरून चाला.

त्यानंतर दुहेरी मोजणी. तुमच्याकडे ब्राउझरचा पिक्सेलही आहे आणि सर्व्हरची एपीआयही. एका खरेदीचे दोन इव्हेंट जातात आणि ते जायलाच हवेत, पण मेटा त्यातला एक खात्रीने तेव्हाच गाळतं जेव्हा इव्हेंटचं नाव आणि इव्हेंट आयडी दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखे असतात आणि दोन्ही इव्हेंट ४८ तासांच्या आत पोचतात. पिक्सेल जीटीएममधून आणि सर्व्हरचा इव्हेंट प्लगइनकडून, अशी तुमची मांडणी आहे, म्हणजे हटकून गडबड. प्लगइन स्वतःचा रँडम आयडी बनवतं आणि जीटीएमला त्याचा पत्ता नसतो.

इव्हेंट्स मॅनेजरमध्ये टेस्ट इव्हेंट्स उघडून एक चाचणी ऑर्डर टाका. सर्व्हरच्या इव्हेंटला तिथे मिळणारा टेस्ट कोड लावावा लागतो, नाहीतर तो त्या पडद्यावर येतच नाही. खरेदीच्या दोन ओळी दिसतील, एक ब्राउझर आणि एक सर्व्हर. एकीवर 'डीड्युप्लिकेटेड' असेल तर ठीक. नसेल तर दोन्ही ओळी उघडून आयडी शेजारी ठेवा, फरक डोळ्यांना दिसतो. दोन्हीकडे आयडी म्हणून ऑर्डर क्रमांक वापरा, पुढे 'परचेस' आणि आडवी रेघ जोडा, म्हणजे दुसऱ्या इव्हेंटशी गल्लत होणार नाही.

तिथेच 'व्हॅल्यू'वरही नजर टाका. टॅगला रक्कम '१,२९९' अशी स्वल्पविरामासह गेली तर जावास्क्रिप्टचं मजकुराचा आकडा करणारं पार्सफ्लोट स्वल्पविरामापाशी थांबतं आणि १ परत करतं. एक हजार दोनशे नव्व्याण्णवची विक्री एकाची होते. खरेद्यांची संख्या बरोबर आणि उत्पन्न मात्र हास्यास्पद, असं दिसलं की आधी हेच बघायचं.

खटपट्या

सगळ्यांचे आभार. तपासणीत निघालेलं:

जीए४ च्या यादीत १३९ आयडी. त्यातले १०८ डेटाबेसशी जुळले, उरलेले ३१ म्हणजे त्यांच्यातलेच, पण पुढे '#' हे चिन्ह लागलेले. हे सगळे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातले आहेत. दुकानाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटनंतर त्याचा स्वतःचा जीए४ टॅग चालू झालाय, तो आता बंद केला. पण ४ ऑर्डरी डेटाबेसमध्ये आहेत आणि जीए४ मध्ये कुठल्याच रूपात नाहीत.

गूगल अ‍ॅड्समध्ये दोन प्रायमरी होत्या: थेट टॅग ३४, आयात ३०.

मेटा: क्लिक ५२, व्ह्यू १९. टेस्टमध्ये दोन्ही ओळी जिवंत, आयडी वेगळे. लँडिंग पेज व्ह्यू २,३८०.

ते ४ कुठे गेले असतील? आणि गूगलचे ३४ मी जीटीएम टॅगच्या तारखांशी जुळवतोय तर तेही दिवसवार जमत नाहीत.

आकडेमोड

त्या ४ जणांनी पैसे भरले आणि पेमेंटच्या पानावरूनच खिडकी बंद केली, हीच शक्यता सगळ्यात मोठी. पेमेंट कंपनीचा वेबहुक (तिच्या सर्व्हरचा आपोआप येणारा निरोप) तुमच्या सर्व्हरला पोचला म्हणून ऑर्डर पक्की झाली, पण थँक्यू पान कोणी उघडलंच नाही. अ‍ॅड ब्लॉकरवालेही त्यात असतील. उपाय एकच: वेबहुक आला की सर्व्हरवरून मेझरमेंट प्रोटोकॉलने जीए४ ला खरेदी पाठवा. त्यासाठी चेकआउटच्या वेळीच '_जीए' कुकीमधला क्लायंट आयडी (त्या ब्राउझरची ओळख) आणि चालू सेशन आयडी ऑर्डरसोबत साठवायला हवा. सेशन आयडी नसेल तर विक्री नोंदली जाईल, पण स्रोत 'नॉट सेट'. मागची तारीख ७२ तासांपर्यंतच चालते. ट्रान्झॅक्शन आयडी ब्राउझरच्या टॅगसारखाच ठेवा, नाहीतर पुन्हा '#'ची कथा.

पेमेंटचं डोमेन जीए४ च्या 'अनवाँटेड रेफरल्स' यादीत घातलंय ना? नसेल तर पैसे भरून परतणाऱ्यांचं श्रेय जाहिरातीऐवजी पेमेंट कंपनीच्या डोमेनला जातं.

दिवसांचं म्हणाल तर, गूगल अ‍ॅड्स विक्री क्लिकच्या तारखेला लावतं, विक्रीच्या नाही. ३ तारखेचा क्लिक आणि १५ तारखेची खरेदी, तर कन्व्हर्जन ३ तारखेत दिसतं. म्हणून गेल्या आठवड्याचे आकडे नेहमी पडेल दिसतात आणि नंतर भरत जातात. वहीशी जुळवायचं असेल तेव्हा 'बाय कन्व्हर्जन टाइम' असलेला रकाना घ्या. अ‍ॅड्स खातं, जीए४ आणि डेटाबेस यांचे टाइम झोनही पाहा. डेटाबेस यूटीसीत (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत) असेल तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या ऑर्डरी आदल्या तारखेत पडतात. डेटा-ड्रिव्हन मॉडेल असेल तर कन्व्हर्जन ०.४, ०.६ असे तुकड्यांत येतील. तो बिघाड नाही, एकाच विक्रीचं श्रेय अनेक क्लिकांत वाटलेलं असतं.

दलाल_स्ट्रिंग

याच धाग्यात घुसतो. माझं अ‍ॅफिलिएटचं काम आहे, म्हणजे कमिशनवर गिऱ्हाईक पाठवतो, विक्री दुसऱ्याच्या साइटवर, माझा टॅग तिथे लागूच शकत नाही. क्लिक ट्रॅकर आणि पोस्टबॅक (विक्री झाल्यावर जाहिरातदाराच्या सर्व्हरने ट्रॅकरला पाठवलेला निरोप) वापरतो. गूगलवरून येणाऱ्या क्लिकांना ट्रॅकरचा क्लिक आयडी लागत नाही, बाकीच्या नेटवर्कांचं नीट चालतं. का?

वाटसरू३०२

पॅरलल ट्रॅकिंगमुळे. गूगलने ते सर्च आणि शॉपिंग जाहिरातींना ३० ऑक्टोबर २०१८ पासून सक्तीचं केलं. ट्रॅकिंग टेम्प्लेटमध्ये ट्रॅकरचा पत्ता घातला तरी ब्राउझर सरळ फायनल यूआरएलवर (जाहिरातीच्या शेवटच्या पत्त्यावर) जातो आणि ट्रॅकरला मागच्या दाराने वेगळी विनंती जाते. ट्रॅकर क्लिक मोजतो, आयडीही बनवतो, पण तो आयडी गिऱ्हाइकाच्या हातात पडत नाही, कारण गिऱ्हाईक त्या वाटेने गेलंच नाही. मध्ये स्वतःचं पान ठेवा. फायनल यूआरएल सफिक्समध्ये (त्या पत्त्याच्या शेपटीत) कॅम्पेन आयडी वगैरे व्हॅल्यूट्रॅक पॅरामीटर (गूगल स्वतः भरतं ते) द्या, जीक्लिड ऑटो-टॅगिंगने येतोच. त्या पानावरची ट्रॅकरची स्क्रिप्ट आयडी बनवेल आणि बाहेर जाणाऱ्या लिंकला जोडेल.

पोस्टबॅकमध्ये बाकी काय बिघडतं तेही लिहून ठेवतो. ट्रॅकरचा रीडायरेक्ट ३०२ (तात्पुरता) हवा. ३०१ (कायमचा) असेल तर ब्राउझर तो लक्षात ठेवतो, त्याच माणसाचा दुसरा क्लिक ट्रॅकरपर्यंत पोचत नाही आणि त्याला जुनाच आयडी चिकटतो. अहवालात क्लिक आयडीच्या जागी महिरपी कंस दिसले तर मॅक्रोचं (खरी किंमत भरायच्या जागेचं) नाव चुकलंय, प्रत्येक नेटवर्कचं स्पेलिंग निराळं असतं. पोस्टबॅक ऑर्डर आल्यावर पडतो की पैसे मंजूर झाल्यावर, हे जाहिरातदाराला आधी विचारा, कारण दोन्हींतला फरक रद्द ऑर्डरींइतका असतो. आणि पोस्टबॅकमध्ये ट्रान्झॅक्शन आयडी मागून घ्या. त्यांच्या सर्व्हरने उत्तर न मिळाल्यामुळे तोच पोस्टबॅक पुन्हा पाठवला तर गाळायला तेवढाच आधार आहे.

सर्व्हरवासी

कुकीवर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांनी सफारीचा हिशेब करून ठेवावा. जावास्क्रिप्टने लावलेली कुकी तिथे जास्तीत जास्त ७ दिवस जगते. ओळखीच्या ट्रॅकिंग डोमेनवरून क्लिक आयडी लावलेल्या लिंकने माणूस आला असेल तर २४ तासच. म्हणजे अ‍ॅड्समध्ये ३० दिवसांची खिडकी ठेवली तरी आयफोनवरचा माणूस दहाव्या दिवशी परत आला तर तो नवखाच. सफारीच्या खाजगी खिडकीत आणि मेल, मेसेजेसमधून उघडलेल्या लिंकांत तर २०२३ पासून जीक्लिड, एफबीक्लिड (मेटाचा क्लिक आयडी) पत्त्यातूनच काढले जातात. यूटीएम तेवढे राहतात.

म्हणून आयडी पहिल्याच पानावर उचला आणि माणसाने ईमेल दिल्याक्षणी तो डेटाबेसमध्ये त्याच्या नावापुढे लिहून टाका. ऑर्डरच्या तक्त्यात निदान एवढे रकाने हवेत: जीक्लिड, जीब्रेड, डब्ल्यूब्रेड (हेही गूगलचे), एफबीसी, एफबीपी (हे मेटाचे), पाचही यूटीएम, उतरलेल्या पानाचा पत्ता, क्लिकची वेळ, जीए४ चा क्लायंट आयडी. जीक्लिडचा रकाना २५५ अक्षरांचा ठेवा आणि कुठल्याही पायरीवर त्याचं स्मॉल लिपीत रूपांतर होऊ देऊ नका. जीक्लिडमध्ये कॅपिटल आणि स्मॉल वेगळे असतात. सीआरएमने (ग्राहकनोंदीच्या सॉफ्टवेअरने) फॉर्म 'स्वच्छ' करताना सगळं स्मॉल केलं की अपलोड केलेली प्रत्येक ओळ नापास होते आणि आयडी डोळ्यांना तर बरोबरच दिसत असतो.

एन्हान्स्ड कन्व्हर्जन्स, म्हणजे ग्राहकाच्या ईमेल-फोनवरून जुळणी, हेही चालू करा. ईमेल मागेपुढे मोकळ्या जागा न ठेवता, स्मॉल लिपीत, एसएचए-२५६ ने हॅश करून (परत उलगडता न येणाऱ्या सांकेतिक रूपात) जातो, फोन देशाच्या कोडसह अधिकचं चिन्ह लावून. आधी हॅश आणि मग स्मॉल असा उलटा क्रम लावला तर काहीच जुळत नाही आणि कुठे त्रुटीही दिसत नाही.

फोनवर ठरणारी विक्री ऑफलाइन कन्व्हर्जन म्हणून चढवता येते. क्लिकला ९० दिवसांहून जास्त झाले असतील तर जीक्लिडवाली ओळ घेतली जात नाही. वेळेच्या रकान्यात टाइम झोन लिहा.

खटपट्या

शेवटचं. दुहेरी मोजणी बंद केल्यावर गूगलचे आकडे एकदम अर्धे होणार आणि बोली तर स्वयंचलित आहे. जुना महिना दुरुस्त करता येतो का?

आकडेमोड

जीए४ मधला मागचा डेटा बदलता येत नाही, अहवालावर टीप लावून ठेवा म्हणजे पुढे कोणी 'विक्री का पडली' म्हणून बैठक बोलावणार नाही. गूगल अ‍ॅड्समध्ये टूल्सखालच्या अ‍ॅडजस्टमेंट्समध्ये 'डेटा एक्सक्लूजन' आहे. बिघडलेल्या तारखा तिथे दिल्या की स्मार्ट बिडिंग (स्वयंचलित बोली) त्या दिवसांकडे बघत नाही. अहवालातले आकडे तसेच राहतात. तारखा मात्र क्लिकच्या द्यायच्या, विक्रीच्या नव्हे. तुमच्याकडे क्लिकपासून खरेदीपर्यंत साधारण ५ दिवस जात असतील तर सुरुवातीची तारीख ५ दिवस मागे ओढा. पण अख्खा महिना वगळू नका, ते साधन थोड्या दिवसांच्या बिघाडासाठी आहे. आयात अ‍ॅक्शन महिनाभर प्रायमरी होती, त्यामुळे तुमच्या बाबतीत मी एक्सक्लूजन न लावता ती सेकंडरी करीन आणि लक्ष्य सीपीए (एका विक्रीमागचा जाहिरातखर्च) एकदम न हलवता दोन-तीन टप्प्यांत वाढवत नेईन. खर्च तोच आणि मोजलेल्या विक्री जवळपास निम्म्या, म्हणजे दिसणारा सीपीए दुपटीच्या आसपास जाणार. जुनंच लक्ष्य ठेवलं तर बोली इतक्या खाली येतील की जाहिराती दिसणंच थांबेल.